छबूचं नाव पटावर

“नाव आत्ता लिहा. पेन तुमच्या खिशात आहे, पट हा इथं आहे,” विजयमालाबाई म्हणाल्या आणि शाळेचा पट त्यांनी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

राधाकृष्ण गुरुजी हसले. “खरकट्या हातानं सरकारी पट लिहू?”

“हात धुवा अन् लिहा.”

उंबऱ्याशी रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसलेल्या सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “अगं, तीन म्हैने बर्फात राहून आलाय त्यो. दोन घास गिळू दे की सुखानं.”

“येऊन महिना झाला, आत्याबाई. बर्फ कधीच वितळलं.”

छबू लंकाबाईची पोर. अकरा वर्षांची, जन्मापासून बहिरी. चार वर्षांपूर्वी ती दुसऱ्या पोरींच्या मागं शाळेत आली आणि दाराजवळ बसली. विजयमालाबाईंनी तिला उठवलं नाही. बाई सातवी पास झाल्या तशा लग्न होऊन सुप्याजवळच्या या गावात आल्या, ट्रेनिंग लग्नानंतर केलं, आणि तेव्हापासून नवरा मुख्याध्यापक असलेल्या शाळेत शिकवत होत्या. बहिऱ्या मुलाला कसं शिकवायचं ते ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. बाईंना एवढंच दिसलं, की आपलं तोंड समोर असलं की पोरीला कळतं आणि पाठ फिरली की तिचा चेहरा विझतो. तेव्हापासून फळ्याकडं तोंड करून बोलणं त्यांनी सोडलं. आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. पोरांच्या रांगा मोडून त्यांनी अर्धगोल केला. बोलणाऱ्यानं आधी हात वर करायचा, म्हणजे कुठं बघायचं ते छबूला समजेल. हे सगळं त्या एका वहीत टिपून ठेवत.

गेल्या वर्षी परिपत्रक आलं. आंधळी, बहिरी, पांगळी मुलं इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकतात अशा शाळा बघायला एक परदेशी संस्था काही शिक्षकांना डेन्मार्कला नेणार होती. वही गुरुजींनी मागून घेतली. “बाईमाणसाला एकटीला कोण पाठवणार? मी जाऊन येतो. आल्यावर छबूचं नाव पटावर घालतो. परदेश बघून आलेल्या माणसाला तपासणीचे साहेबसुद्धा विचारणार नाहीत.” तोवर ते साहेबांच्याच भीतीनं नाव घालत नव्हते. बाईंना ते पटलं. गुरुजींचं अक्षर वाईट, म्हणून अर्जही बाईंनीच लिहिला. वहीतलं सगळं त्यात उतरवलं, आणि नावाच्या रकान्यात वळणदार अक्षरात नवऱ्याचं नाव घातलं.

आज दुपारी लंकाबाई शाळेच्या दारात आली होती. “बाई, गुर्जी म्हन्ले, उद्या पोरीला साळंत धाडू नको, तुझ्यासंगं दुष्काळी कामावर खडी फोडाया ने. तिचं काय चुकलं का?”

बाईंनी आता तेच विचारलं. “काय चुकलं तिचं?”

“उद्या तालुक्यातले चाळीस शिक्षक डेन्मार्कचं ऐकायला येणार. ती मधेच घशातून आवाज काढते. शिवाय पटावर नसलेली पोर वर्गात कशी, असं कुणी विचारलं तर?”

“म्हणून तर लिहा म्हणते.”

“जूनमध्ये बघू.”

“एप्रिलात चौथीची परीक्षा आहे. पटावर नाव नाही तर दाखला नाही. दाखल्यावाचून सुप्याला पाचवीत कोण घेईल तिला?”

गुरुजींनी डाव्या हातानं पट बाजूला सारला आणि आमटी मागितली. बाईंनी वाढली.

शनिवारी शाळा शिक्षकांनी भरली. गुरुजींनी डेन्मार्कचा लोकरी कोट घातला होता. फेब्रुवारीचं ऊन होतं, पण काढला नाही. भिंतीवर तिकडच्या वर्गांचे फोटो होते. “तिथं मी एक मोठी गोष्ट शिकलो,” गुरुजी म्हणाले. “शिक्षकानं फळ्याकडं तोंड करून बोलू नये. आधी लिहावं, मग वळावं, मग बोलावं.” शिक्षक वहीत उतरवून घेऊ लागले. मागं चहाच्या कपबशा मांडणाऱ्या बाईंचा हात थांबला. वाक्य त्यांच्या वहीतलं होतं, जसंच्या तसं.

तेही त्यांनी गिळलं असतं.

मग पारनेरच्या एका तरुण शिक्षकानं हात वर केला. “गुरुजी, तुमच्या शाळेत असं मूल आहे का? बघायला आवडेल.”

गुरुजींनी कोटाचं बटण चाचपलं. “दुर्दैवानं आमच्या गावात असं एकही मूल नाही.”

चौथीची पोरं भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांच्या माना दाराजवळच्या रिकाम्या जागेकडं वळल्या, आणि मग बाईंकडं. बाईंनी चहा गाळायला घेतला.

सोमवारी बाईंनी रजा टाकली आणि सकाळच्या एस.टी.नं पारनेरची शिक्षण कचेरी गाठली. संध्याकाळी परतल्या, पाय धुतले, चूल पेटवली. गुरुजी ताटावर बसले तेव्हा पहिली भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “माळवाडीच्या शाळेवर माझी बदली झाली. उद्या हजर व्हायचंय.”

“माळवाडी?” गुरुजींचा घास हातातच राहिला. “तीन मैल चालत? एकशिक्षकी शाळा आहे ती! वर्षभर कुणी तिथं जायला तयार नाही.”

“म्हणून तर साहेबांनी उभ्याउभ्या सही दिली.”

“अन् लोक मला काय म्हणतील?”

“आगं, भांडन झालं म्हून कुनी बदली घेतं व्हय?” सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

बाईंनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

“एकशिक्षकी शाळेत पट मीच लिहिणार. उद्या पहिलं नाव छबूचं. लंकाबाईच्या खडीची वाट तीच आहे, आम्ही तिघी साडेसहाला निघू. सकाळच्या भाकरी उद्यापासून मी करणार नाही.”