अम्मीच्या वाटचे गहू

ईदच्या सकाळी नमाजला निघायच्या आधी आमचे अब्बा फितऱ्याचे, म्हणजे ईदच्या दानाचे, गहू मोजतात. घरात जितकी माणसं, तितकी मापं. पहाटे जन्मलेलं लेकरू असलं तरी त्याच्या नावाचं माप निघतंच. महिनाभराच्या रोज्यांत जे काही उणं राहिलं असेल ते त्यानं भरून निघतं, आणि गरिबाच्या घरीही ईद होते. आमच्या परतूरला आता बहुतेक जण पैसे देऊन मोकळे होतात. अब्बांना गहूच लागतात, तेही निवडलेले, शिगोशीग.

यंदा निम्मे रोजे झाले आणि अम्मी गेली. ईदमध्ये कुणाचा जीव नव्हता. भाभीनं शीरखुर्म्याचं दूध ठेवलं होतं, तेही लेकरांसाठी. अब्बा अंगणात चादर पसरून बसले. त्यांचं झालं, माझं झालं, भाई-भाभीचं, दोन्ही लेकरांचं झालं. मग त्यांनी आणखी एक माप भरलं.

"आन् हे तुमच्या अम्मीचं."

भाई हळूच म्हणाला, "अब्बा, गेलेल्या माणसाचा फितरा नसतो."

दुःख झालं की मी आधी चिडते, स्वभावच मेला तसा. मी म्हणाले, "कशाला जिवाला लावून घेऊन राह्यलात? ओता ते परत पोत्यात."

"मला ठाऊक न्हाई व्हय?" अब्बा मापाकडंच बघत होते. "नसतो, बराबर हाय. पण आज मोजलं न्हाई, तर मीच तिला घरातून काढल्यासारखं होतंय."

भाईनं ते मापही पिशवीत ओतलं आणि पिशवी बांधली. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

आमचे गहू दरसाल गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेकडं जातात. द्यायला अम्मीच जायची. यंदा अब्बा निघाले, पिशवी जड म्हणून मीही गेले. म्हातारी रमजानभर लेकीकडं अंबडला होती, आदल्या संध्याकाळीच परतलेली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, हे तिनं तोंड उघडल्यावर कळलं.

"दुल्हन न्हाई आली?"

अम्मी सून होऊन आली तेव्हापासून ती तिला दुल्हनच म्हणायची. अब्बा म्हणाले, "यंदा मी आलो, खाला."

म्हातारीनं पिशवीवर हात ठेवला, दुसरा वर केला. "घरात बरकत राहो. लेकरं सुखी राहोत. अन् माझ्या दुल्हनला अल्ला लंबी उमर देवो."

मला तिथंच सांगून टाकायचं होतं. शब्द अगदी ओठावर आला होता. पण अब्बांनी दोन्ही हात पुढं धरले होते, डोळे मिटले होते.

"आमीन," ते म्हणाले.

मग मीही हात पुढं धरले आणि म्हटलं, "आमीन."