एकशे अठ्ठावीस तुकडे

ताईंना कोणी घाई केली की त्यांचं डोकं फिरायचं, आणि कारखान्यात तर घाईशिवाय दुसरं काही पिकतच नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच: वस्तू बनण्याआधी ती कॉम्प्युटरवर मोडून बघायची. पाठीमागे लोक त्यांना 'मोडताई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

या वेळी म्हाताऱ्या माणसांसाठी घडीचा वॉकर होता. तिरका भार पडला की त्याची बिजागरी तडकणार, असं ताईंचं मन सांगत होतं. पण साहेबांना मन नको, आकडे हवेत. शुक्रवारी चारला साचा कापायला घेणार. त्याआधी आकडे आले तर बिजागरी बदलायची, नाहीतर आहे तशीच.

गणित अवाढव्य, म्हणून त्याचे तुकडे करून एकेका प्रोसेसरला वाटायचे. सोळा पुरले असते; गुरुवारी संध्याकाळी काम हातावेगळं झालं असतं. पण मंगळवारी सकाळी साहेब स्वतः दारात उभे.

"ताई, सगळ्यांची कामं थांबवली. एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस तुमचे!"

तिथंच नको म्हणायला हवं होतं. वाटणी फार बारीक केली की प्रत्येक तुकडा काम करतो थोडं आणि कडेकडेचं शेजाऱ्याला विचारत बसतो, हे ताईंनीच नव्या लोकांना घसा कोरडा करून शिकवलेलं. पण महिनाभर मशीन पुरत नाही म्हणून कटकट कोणी केली होती? आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? "बरं," म्हणाल्या. त्या एका 'बरं'साठी त्यांनी पुढे स्वतःला लाख शिव्या घातल्या.

बुधवारी दुपारी कळलं, काम मुंगीच्या पावलांनी चाललंय. थांबवून सोळांवर नव्याने लावावं, तर शुक्रवारचे चार टळणार. चालू ठेवावं, तरी टळणार. एक ना धड, भाराभर चिंध्या!

शुक्रवारी चारला गणित निम्म्यावर होतं. साचा कापला. सोमवारी आकडे आले. ताईंनी जिथं बोट ठेवलं होतं, कॉम्प्युटरवरची बिजागरी तिथंच तडकली होती.

"आता साचा झालाय हो ताई," साहेब म्हणाले. "पुढच्या खेपेला बघू."

ताई भांडल्या, लेखी दिलं, पुन्हा भांडल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन महिन्यांनी पहिल्या मालातला एक वॉकर साहेबांनी ताईंच्या घरी पाठवला, खास त्यांच्या आईसाठी. ताई कामावरून परतल्या तेव्हा आई तो धरून खिडकीपाशी उभी होती. कितीतरी दिवसांनी आपल्या पायांवर.

"आई, सोड तो. भार टाकू नकोस."

"का गं? छान आहे की."

"मोडेल."

आईने वॉकरकडे बघितलं, मग लेकीकडे. "तूच तपासतेस ना हे? मग विकताय कशाला लोकांना?"

ताईंनी तिला धरून खुर्चीत बसवलं. वॉकरची घडी केली, काखेत मारला आणि पायांत चपला सरकवल्या. साहेबांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, आणि साहेबांनाही आई होती.