पुसलेल्या पत्त्याची मुदत

पाटोद्याच्या ऊसतोड मजूर संस्थेत योगिताला सगळे ‘मशीनवाली ताई’ म्हणत. मेंढपाळाची पोर, पण हट्टाला पेटून संगणक शिकली होती, आणि कुणी कौतुक केलं की कपाळाला आठ्या घालायची. मजुरांची नावं, फोन, पत्ते पाटोदा, माजलगाव आणि युसूफ वडगाव इथल्या तीन मशीनवर असत. एकीवर बदललं की बाकीच्या दोघींना कळे. यादी प्रत्येक मुकादमाच्या फोनवर दिसे.

काही पुसलं, तरी ‘हे पुसलंय’ अशी खूण मशीन काही दिवस जपते. बंद पडलेली मशीन पुन्हा चालू झाली की ती खूण पाहून आपल्याकडचंही पुसते. खूण तोवर उडाली असेल, तर त्या मशीनकडचं जुनंच नवं समजून सगळीकडे पसरतं. म्हणून योगिताने खुणेची मुदत सहा महिने ठेवली होती.

कारण दिवाळीनंतर वडगावचं केंद्र सांभाळणारा अभिमन्यूही ऊस तोडायला जाई आणि केंद्राला कुलूप लागे. मग पाहणीच्या पडद्यावर बंद मशीनचा लाल इशारा दिवसभर किरकिर करी. वैतागून योगिता दरवर्षी ती मशीनच पाहणीतून काढून टाकायची; यंदाही काढली.

कुलूप लागल्यावर दोनच दिवसांनी बबिता आली. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून ती माजलगावला लपून राहत होती, आणि कुलूप लागायच्या आदल्याच दिवशी संस्थेच्याच कुणी भाबडेपणाने तिचा नवा पत्ता यादीत चढवला होता. नवरा सोमनाथ, मुकादम.

“ताई, पत्ता काढा. त्याला कळलं तर जित्ती ठेवायचा न्हाई.”

योगिताने तिच्यासमोरच पत्ता पुसला.

माघात सचिव सुंदरराव मागे लागले, “खुणांनी मशीनची जागा भरत आली. मुदत दोन दिवसांवर आण.” योगिताने नियमाप्रमाणे आधी पडदा पाहिला. लाल कुठेच नव्हतं. तिने मशीनची आपसांत मिळवणी करून घेतली, मुदत घटवली आणि निवांत जेवायला गेली. वडगाव तिच्या ध्यानातच आलं नाही.

चैत्रात, दुपारी एकला अभिमन्यूचा फोन आला. “ताई, आलो बगा परत. मशीन चालू केली.”

योगिताला घटवलेली मुदत आठवली. “बंद कर! वायर उपट!”

“कावून? सकाळी आठपासून चालू हाय की.”

तिने यादी उघडली. बबिताचा पत्ता, खोली नंबरासकट. खाली नोंद: सोमनाथ मुकादम यांनी पाहिले, सव्वानऊ.

तिने बबिताला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली, मग कुणीतरी उचलला.

“कोन हाय?” पुरुषाचा आवाज होता.