सुनीताच्या नावाने नेट लागत नाही

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच होता आणि तो दुरुस्त करणाराही एकच, मी. त्यामुळे तो बहुतेक बंदच असे.

भुसावळात तेव्हा इंटरनेट नवंनवं आलं होतं. एक कोर्स केल्यामुळे मी घरातला तज्ज्ञ ठरलो होतो. त्याच तोऱ्यात मी कॉम्प्युटरवर तिघांचे वेगवेगळे यूजर केले: वडिलांचा, म्हणजे आबांचा, पत्ते खेळायला, माझा शायनिंग मारायला आणि धाकट्या बहिणीचा, सुनीताचा, ई-मेलसाठी. पुण्याच्या नितीनशी तिचं जमवायचं चाललं होतं. रविवारी मुलाकडचे तिला बघायला येणार होते.

शनिवारी सकाळी सुनीता म्हणाली, "भाऊ, माझ्या नावाने नेट लागत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय."

"माझ्या नावाने लागतंय की."

"पण माझी मेल माझ्यातच येते ना."

(इतका सरळ मुद्दा तज्ज्ञाला आवडत नसतो.)

नेटचा पासवर्ड सगळ्यांना एकच होता. माझ्या यूजरमध्ये तो साठवलेला, तिला मात्र दर वेळी टाइप करावा लागे. मी तिच्यात टाइप करून पाहिला. चुकीचा. मग खात्री करावी म्हणून माझ्यातला साठवलेला पुसला आणि नव्याने टाइप केला. आता माझंही लागेना.

"मोडेम गेला," मी जाहीर केलं.

मोडेम काढून पुन्हा बसवला. वायर बदलली. दर वेळी फोनच्या लाइनवर मोडेमचं ते कर्कश्श केकाटणं आणि शेवटी तेच उत्तर. बाहेरून आबा म्हणाले, "अरे, फोन मोकळा कर ना. मले बोदवडले बोलाचं हाये."

"आबा, लाइन लागतेय."

"लागते तं मंग तुटते कायले?"

याचा शोध घ्यायला मी चालू कॉम्प्युटरचं कॅबिनेटच उघडलं.

दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर नितीन आणि त्याचे आईवडील, बॅगांसकट.

"तुमचा फोन सारखा एंगेज," त्याचे वडील म्हणाले. "एक दिवस आधी येतोय म्हणून नितीनने मेल केली होती. मिळाली ना?"

मी बनियनवर, नाकाला धूळ, हातात स्क्रू ड्रायव्हर. मागे सुनीता, केसांना तेल थापलेली. आबांनी शांतपणे सांगितलं, "आली आसंन. पन डब्यातून बाहेर निंघेना."

चहा होईपर्यंत नितीनने मला कॅबिनेट जोडायला मदत केली, कीबोर्डकडे वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कॅप्स लॉक चालू राहिलंय. सगळी अक्षरं कॅपिटल पडतायत."

त्याने एक बटण दाबलं. सुनीताने पासवर्ड टाकला, नेट लागलं आणि सगळ्यांच्या देखत मेल उघडली. 'आम्ही शनिवारीच येतोय. तुझ्या भावाला नक्की थांबायला सांग. कॉम्प्युटरमधला एवढा जाणकार माणूस भेटायलाच हवा.'

सुनीता तेलकट केसांनिशी इतकी हसली, की नितीनच्या आईने तिथेच होकार दिला.

दिवाळसणाला आलेल्या जावयाकडून आबांनी कॉम्प्युटर नव्याने लावून घेतला. माझा यूजर त्यांनी मोठ्या मनाने राहू दिला. फक्त त्याचं नाव बदलून 'पाहुणा' ठेवलं.