दूध सोसायटीतला नाताळ

पाण्याच्या टँकरच्या रांगेत सांताक्लॉजला कुणी पुढं घेत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या रांगेत दोन घागरी घेऊन मी स्वतः उभा होतो!

त्या साली आमच्या केज तालुक्यातल्या गावात टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. जनावरं चारा छावणीत गेलेली. त्यामुळं मी जिथं सचिव होतो त्या दूध सोसायटीत दूध कमी आणि सचिव जास्त, अशी अवस्था. (सचिव एकच होता. तरी जास्त वाटायचा.)

माझी मुलगी ज्योती दहावीत होती. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. पोरं मागं आजीजवळ राहत. दर नाताळाला उपकेंद्रातल्या नर्स मार्था सिस्टर या पोरांना आपल्या क्वार्टरवर बोलवून केक खाऊ घालायच्या. त्या साली मात्र त्यांनी हात जोडले. "औंदा न्हाई रे लेकरांनो. हंडाभर पाण्यात आंघोळ करू का भांडी घासू?"

ज्योती घरी आली ती पक्कं ठरवूनच. "बाबा, औंदा आमीच सिस्टरसाठी नाताळ करणार. आमी अठरा जण हाव. पण सिस्टरला कळू द्यायचं न्हाई."

"करा की! त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

आत स्वयंपाकघरात पातेलं आदळलं. माझं 'त्यात काय एवढं' माझी बायको शोभा लग्नापासून ऐकत आली आहे. या एका वाक्यापायी आमच्या घरात आजवर एक मारकी म्हैस, एक बंद शिलाई मशीन आणि सहा महिन्यांसाठी माझा चुलतभाऊ आलेला आहे!

"पैसा कुठंय?" शोभानं विचारलं.

"बिनखर्चाचा करू. डोकं लावायचं!"

"कुणाचं?" ती म्हणाली.

जागा सोसायटीची, दूध संकलनाची खोली. वेळ दुपारी चारची. ज्योती म्हणाली, नाताळाचं झाड हिरवं लागतं. त्या डिसेंबरात आमच्या शिवारात हिरवी म्हणावी अशी एक बाभूळच उरली होती. मी चांगली डोक्याइतकी उंच फांदी तोडून आणली, दोन्ही हात आणि एक कान ओरबाडून घेऊन!

"काका, हिला काटे हाईत की!" पोरं म्हणाली.

"बरंच हाय! फुगे अडकवायला सोपं."

पोरांनी फुगवलेले वीस फुगे मी आपल्या हातानं बाभळीला अडकवले. फट्! फट्! फट्! पाच मिनिटांत एकोणीस फुगे संपले. शेजारच्या घरातला म्हातारा बाहेर येऊन विचारू लागला, "सोसायटीची निवडणूक लागली का रे?"

तिकडं घरी शोभानं कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून केक ठेवला होता. कणीक, गूळ, दूध, सोडा. "तासभर झाकण उघडायचं न्हाई," असं मला बजावून ती शेजारी गेली. मी झाकण फक्त सात वेळा उघडलं. (काळजीपोटी!) तासाभरानं जे बाहेर निघालं ते ताटलीएवढं चपटं होतं. ज्योतीनं त्याच्यावर बोटानं टिचकी मारली. टण्!

"बाबा, ह्याला कापायचं कशानं?"

शोभा आली. तिनं केकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि खलबत्ता काढला. अर्ध्या तासात केकाचे लाडू तयार!

आता उरला सांता. तो मीच होणार होतो, कारण पोट फक्त माझ्याकडं होतं. लाल झगा म्हणून सोसायटीच्या सभेत टेबलावर अंथरायचं मखमली कापड अंगाला गुंडाळलं. पेंडीच्या रिकाम्या पोत्यात शेंगदाणे-गुळाच्या अठरा पुड्या भरल्या. दाढीला घरचा कापूस होता. ती चिकटवायला मी बाभळीचा डिंक भिजवला आणि दोन्ही गालांवर, मिशीवर सढळ हातानं थापला. आरशात पाहिलं तर खरोखर छान दिसत होतो. शोभाचं मत वेगळं होतं. "कापसाची गादी फुटल्यावाणी दिसताय," ती म्हणाली.

चार वाजता ज्योती सिस्टरना बोलवायला धावली. आता न सांगता त्यांना आणायचं कसं? पोरगी माझ्यावर गेलेली. तिनं सांगितलं, "सिस्टर, चला लवकर! बाबाला लई लागलंय!"

सिस्टर पेटी घेऊन धापा टाकत आल्या. दारात पाऊल टाकलं आणि अठरा पोरं एकदम ओरडली, "नाताळाच्या शुभेच्छा, सिस्टर!"

सिस्टर बाभळीकडं, एकुलत्या फुग्याकडं, लाडवांकडं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. डोळे भरले. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली.

"हे कशानं ओरबाडलं?"

"बाभळीनं. त्यात काय एवढं!"

"काटे गेलेत आत. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागंल. बसा खाली."

"सिस्टर, मी सांता हाव!"

"सांता असला तरी बसा खाली!"

सगळ्यांसमोर सांताला इंजेक्शन मिळालं. पोरांच्या दृष्टीनं कार्यक्रम इथंच रंगला. मी कळवळत पोतं उचललं, पहिली पुडी वाटायला हात घातला, आणि वेशीवर हॉर्न वाजला.

टँकर!

एका क्षणात खोली रिकामी. आमच्या गावात टँकरचा हॉर्न ऐकून जो थांबला त्याच्या घरी तीन दिवस चहा नाही. शोभानं माझ्या हातात दोन घागरी कोंबल्या. "पळा!" मी तसाच पळालो. मखमल पायात अडकतेय, दाढी वाऱ्यावर हलतेय, मागं गावातली कुत्री!

रांगेतली एक म्हातारी मला बघून मागं सरली. "बया! कोण्या देवाचा म्हणायचा ह्यो?"

"आजी, मी सेक्रेटरी!"

"मग माझ्या दुधाचा पगार कावून थकवलास रे?" म्हातारीनं भर रांगेत विचारलं. सांताला आजवर कुणी असा जाब विचारला नसेल!

तेवढ्यात टँकरचा पाइप कुणाच्या तरी हातातून निसटला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेला. मखमलीचा रंग सुटला. मी लालभडक! गावात पाणी सांडल्याचा आरडाओरडा माझ्याच नावानं झाला.

पण एक गोष्ट मी ओल्या डोळ्यांनी पाहिली. (पाण्यानं ओल्या, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं.) ती अठरा पोरं आपापल्या घरी पाणी नेण्याआधी एकेक घागर घेऊन सिस्टरच्या क्वार्टरकडं निघाली होती. कुणी सांगितलं नव्हतं. अठरा घागरींत सिस्टरचा ड्रम काठोकाठ भरला. सिस्टर ड्रमाजवळ उभ्या राहिल्या, पाण्यात हात बुडवला आणि पदरानं तोंड झाकून आधी रडल्या, मग हसल्या. "आता भांडी बी घासते अन् आंघोळ बी करते," म्हणाल्या. मग सोसायटीतून आणून तिथंच अंगणात लाडू वाटले. पोरांनी ते कडाकडा चावून खाल्ले आणि केक असाच असतो अशी समजूत करून घेतली. शेंगदाण्याच्या पुड्या वाटून होईपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं.

शेवटी दाढी काढायला गेलो तर निघेना! भिजलेला डिंक पुन्हा वाळून गालामिशीशी एक झालेला. सिस्टरनी खोबरेल तेल लावलं, "डोळे मिटा" म्हणाल्या, आणि ओढली. माझ्या खऱ्या मिशीचा निम्मा भाग कापसाबरोबर गेला. मी ढसाढसा रडलो. पोरं निघता निघता फाटकातून वळून बघत होती.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परतली. एक दिवस एका पोरीची आई, अंगावर प्रवासाची धूळ तशीच, सोसायटीच्या दारात आली.

"तुमीच का ते नाताळाचे बाबा? आमची पोरगी सांगत होती. पोरं घरला निघाली तर तुमी लई रडले म्हणं. आमच्या लेकरांसाठी एवढं भरून आलं तुमाला?"

मी मान खाली घालून म्हणालो, "आलं होतं खरं, ताई."

भरून नव्हे. उपटून!