वशिंडाला चिकटलेला चिंचोका

संपत गेल्याची बातमी मला कुणी सांगायची गरज पडली नाही. बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला, पलूसला, त्याच्याच गल्लीत, त्याच्याच बैलाच्या पायाखाली मी पडलो होतो...

संपत पलटणीतून सुटून आला तो फाशांचा एक खेळ घेऊन. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी योद्धे व्हायचं, घाव बसला की हुकला ते फाशानं ठरवायचं. चाळिशी उलटलेले आम्ही बाप्ये दर रविवारी त्याच्या सोप्यात बसून राक्षसांची आतडी बाहेर काढायचो. त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणायच्या, ह्यांना उसाला पाणी पाजायला सांगितलं की कंबर धरते. डावात राक्षस म्हणजे बेंदराला आणलेले मातीचे बैल आणि आम्ही म्हणजे चिंचोके.

मोठ्या जनावराला लोंबकळायचा नियम संपतचा लाडका. अंगावर चढलेला चिंचोका कणकेनं बैलाच्या वशिंडाला चिकटवायचा. मग ढाल नाही. एक हात धरायला, दुसरा भोसकायला. जनावर झाडाला घासणार, लोळणार, बरगड्या मोडणार, आणि दर खेपेला फासा टाकायचा. उडी मारून सुटायला मात्र फासा लागत नसे. मी उडी मारायचो आणि वाचायचो. हा बाबा चिकटून राहायचा आणि चिरडून मरायचा. लय राग यायचा मला. सुटणं फुकट असताना मरतोस कशाला, म्हणून एकदा चांगलाच भांडलो.

"गड्या," तो म्हणाला, "वरच्यानं सोडलं की जनावर खालच्यावर जातंय."

बेंदराला जुनी वेसण काढून नवी घालतात. यंदा जुनी काढली आणि बैलाचं नाक सुजलेलं दिसलं. नवी चार दिवसांनी घालू, असं ठरलं. वेसणीशिवाय बैल मिरवणुकीत काढू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सणाला बैल दावणीला ठेवायचा म्हणजे गाव काय म्हणेल! काढला. फटाक्यांची माळ लागली आणि बैल उधळला. पहिलं शिंग माझ्या मांडीत गेलं. मी खाली, वर खूर. संपतनं झेप घेऊन वशिंडाला मिठी मारली. बैलानं त्याला भिंतीला घासलं, एकदा, परत एकदा. भिंत लाल झाली. हाडं मोडल्याचा आवाज मी खालून ऐकला. सोड, सोड म्हणून मी ओरडत होतो.

"तू आदी भाईर सरक," एवढंच बोलला.

मी सरपटत ओट्यापाशी पोचलो, तेव्हा त्याचे हात सुटले. बैल वळला आणि शिंग त्याच्या पोटात गेलं.

महिन्याभरानं काठी टेकत त्याच्या सोप्यात गेलो. बेंदराच्या आदल्या रविवारचा अर्धा राहिलेला डाव तसाच मांडलेला होता. मातीच्या बैलाच्या वशिंडावर त्याचा चिंचोका. तो काढून जवळ ठेवावा म्हणून ओढला, पण कणीक वाळून दगड झालेली.

"ऱ्हाऊ द्या भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुटंल."

माझा चिंचोका बैलाच्या पायाखाली होता. तो मी उचलून लांब ठेवला. आता तरी सोड रं, म्हणालो.