हिरव्या पट्ट्यातला काटा

आई गेल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला राहायला आले. घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा बॉयलर कुठंय?" बाथरूम कुठे, देव कुठे मांडलेत, ते सगळं नंतर. साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभी नोकरी काढलेला माणूस तो. घर गरम करणारं काहीतरी यंत्र इथे आहे म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागेना.

मी त्यांना खाली केलरमध्ये नेलं. केलर म्हणजे तळघर; जुनी सायकल, बटाटे, वॉशिंग मशीन आणि कोपऱ्यात हाइत्सुंग. गॅसवर पाणी तापवायचं, ते नळ्यांतून घरभर फिरवायचं आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटर गरम करायचे, एवढंच तिचं काम. तिच्या अंगावर वाटीएवढं प्रेशर गेज होतं. आकड्यांच्या कडेने एक हिरवा पट्टा रंगवलेला. काटा त्या पट्ट्यात असला की काळजी नाही, असं घरमालकाने दिलेल्या कागदात लिहिलं होतं आणि तो कागद मी भिंतीला चिकटवून ठेवला होता.

अण्णांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. गेजच्या काचेवर नखाने दोनदा टिचकी मारली, जरा थांबले, मग डोळे बारीक करून वाचलं. "दीड," म्हणाले. "आमच्याकडं एकवीस असायचा." थोडे हिरमुसलेच.

"टिचकी कशाला मारायची?" मी विचारलं.

"काटा आळशी असतो. बसला की बसला. टिचकी न मारता आकडा लिहिला तर आमचे साहेब वहीचं पान टराटरा फाडायचे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ड्युटी लावून घेतली. सकाळी आंघोळ झाली की खिळ्यावरची केलरची किल्ली घेऊन खाली, संध्याकाळी दिवेलागणीला परत खाली. वर आले की मला आकडा सांगायचे. मी लॅपटॉपवरून मान न उचलता "बरं" म्हणायची. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटायचं. लेकीच्या घरी राहायचं त्यांना मनातून जड जात होतं. जावयाच्या घरचं बसून खायचं कसं, ही त्यांच्या पिढीची लाज. हाइत्सुंग सांभाळायला मिळाली आणि ते ताटावर जरा मोकळे बसायला लागले. नवरा आठवडाभर फ्रँकफर्टला असायचा, शनिवार-रविवारी घरी. त्यालाही ते आल्याआल्या आकडा सांगायचे, आणि तो बिचारा "वा, छान" म्हणायचा.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. एकदा गॅसवर दूध ठेवून बाहेर पडले, पातेलं कोळसा झालं. एकदा कोपऱ्यावरच्या बेकरीतून परतायचा रस्ता सापडेना म्हणून बसस्टॉपवर तासभर बसून राहिले. मी सायकलवरून शोधत गेले तर मला म्हणाले, "बस उशिरा आहे वाटतं." बस कुठली आणि जायचं कुठे, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. मी हादरले. स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती मिळाली दोन महिन्यांनंतरची. त्या दोन महिन्यांत मी मुलगी राहिले नाही, पहारेकरी झाले. ते काही बोलले की आधी हे डोकं ठिकाणावर असलेलं बोलणं आहे की नाही ते तोलायचं, मग उत्तर द्यायचं. त्यांना एकटं घरी ठेवणं किती दिवस जमणार, हाच एक प्रश्न उशाशी घेऊन झोपत होते.

अशात नोव्हेंबरमधल्या एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर केलरचा दिवा चालू. खाली गेले. फरशीवर पाणी, एक बादली काठोकाठ भरलेली, अण्णांची पँट गुडघ्यापर्यंत ओली. हाइत्सुंगच्या खालच्या कॉकला ते वाकून काहीतरी करत होते.

"काटा मेलाय," ते म्हणाले. "चार दिवस टिचकी मारतोय, तसूभर हलत नाही. म्हणून बादलीभर पाणी सोडून बघितलं. तरी जागच्या जागी. आता पाणी परत भरायचंय, ती नळी दे जरा."

मला ती नळी दिसलीच नाही. मला दिसलं ते फक्त पाणी, ओली पँट आणि घरमालकाचा कागद, ज्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं की यंत्राला हात फक्त कारागीर लावेल. माझ्या नाकावर राग कायमच असतो. त्या दिवशी तो नाकावरून थेट जिभेवर उतरला.

"अण्णा, हा तुमचा कारखाना नाही. उद्या घर उडवाल. वर चला."

"पाणी तेवढं भरू दे गं."

"काही नको. हे बघा, काटा दीडवर आहे. हिरव्या पट्ट्यात आहे."

"अगं, तेच तर सांगतोय," ते म्हणाले.

तेच तर सांगत होते. बादलीभर पाणी काढल्यावर काटा पडायला हवा होता, तो पडला नव्हता, याचा अर्थ तो खोटं बोलत होता. यात न कळण्यासारखं काय होतं? आणि माझं पोट कशावर भरतं म्हणाल तर, हॉस्पिटलातल्या यंत्रांच्या पडद्यावर उमटणारा आकडा खरा आहे की अडकलेला, हे तपासण्यावर. ऑफिसात कोणी मला न हलणारा आकडा दाखवला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण सांगणारे अण्णा होते, आणि त्यांचं काय धरायचं आणि काय सोडायचं हे मी आधीच ठरवून बसले होते. त्यांच्या हाताला धरून मी त्यांना वर आणलं. किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. संध्याकाळी दिवेलागणीला ते किल्लीच्या खिळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि मग त्यांच्या खोलीत गेले.

त्यांची खोली अगदी वर, छपराखाली होती. उजेड चांगला म्हणून मीच त्यांना दिली होती. डिसेंबर लागला, बाहेर सगळं गोठलं. एका सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "वर जरा गार असतं."

मी केलरमध्ये गेले आणि काटा पाहून आले. दीड. वर जाऊन त्यांच्या रेडिएटरची चावी पाचवर, म्हणजे पूर्ण, फिरवली, "होईल आता गरम" म्हटलं आणि ऑफिसला पळाले. रेडिएटरला हात लावून बघायचं मला सुचलं नाही. चारपाच दिवसांनी ते परत म्हणाले. मी परत काटा पाहिला. परत दीड. "अण्णा, हाइत्सुंग व्यवस्थित चालू आहे, मी स्वतः बघितलंय. खाली आम्हाला तर उकडतंय. तुम्हाला उगीच भास होतोय."

भास हा शब्द मी वापरला. तोंडातून गेला आणि मला कळलंही की नको होता. त्यानंतर त्यांनी थंडीचं नाव काढलं नाही. माकडटोपी घालून, दोन स्वेटर चढवून दिवसभर स्वयंपाकघरात येऊन बसायचे. मला वाटलं, एकटं वाटतं म्हणून बसतात. मी त्यांना लसूण सोलायला द्यायची.

खोकला सुरू झाला. मग ताप. न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसांत, असं हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा मी त्यांचे कपडे आणायला घरी आले. त्यांच्या खोलीत तोंडातून वाफ निघत होती. मी रेडिएटरवर हात ठेवला. लोखंड बर्फासारखं गार. किती आठवडे तसं होतं कोण जाणे. पलंगावर त्यांनी गोधडीवर सतरंजी आणि सतरंजीवर आईची शाल पसरली होती.

कारागीर दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला म्हटलं, प्रेशर ठीक आहे, पण वरची खोली गार पडलीय. त्याने गेजकडे पाहिलं, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीने काचेवर टक्कन ठोकलं. काटा थरथरला आणि खाली कोसळला, जवळजवळ शून्यावर. "गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे बरोबर, हेच. काटा कधीचा अडकलाय, यंत्रात पाणीच पुरेसं नाही, असलेलं खालच्या मजल्यांवर फिरतं, छपरापर्यंत चढत नाही. मग त्याने विचारलं, यातून कोणी पाणी काढलं होतं का?

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "काटा तपासायला."

"मग परत का नाही भरलं? ज्याला तपासता येतं त्याला भरताही येतं."

त्याने अण्णा मागत होते तीच नळी नळाला जोडली आणि पाणी भरलं. पाच मिनिटांचं काम. नवीन गेज बसवलं. संध्याकाळपर्यंत वरची खोली गरम झाली, रिकामीच.

अण्णा त्यानंतर तीन दिवस होते. त्यांना सांगायचं म्हणून मी मनात वाक्यं जुळवून गेले होते, की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, किल्ली परत खिळ्याला लावलीय. पण तापात ते कारखान्यात जाऊन पोचले होते. गळीत हंगाम चालू होता, ऊस येत होता, पाळी बदलत होती. माझी वाक्यं ऐकायला तिथे कोणी नव्हतं. शेवटच्या दुपारी एकदा त्यांनी डोळे उघडले आणि ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून विचारलं, "ड्युटीवर कोण आहे?"

"मी आहे अण्णा."

"काटा किती?"

मी सकाळीच निघताना केलरमध्ये डोकावले होते. "दीड," मी म्हटलं.

"टिचकी मारली होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या सकाळीही, एवढं सगळं होऊनही, मी दारातूनच हिरवा पट्टा पाहिला होता आणि दिवा बंद केला होता.

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, नवीन माणसाला समजावतात तसे बोलले.

"मग दीड कशाला म्हणतीस?"